एन९०० ची उलटी पिन

नोकियाचा एन९०० हा फोन २००९ च्या अखेरीस बाजारात आला. साडेतीन इंची पडदा, तोही बोटाने किंवा स्टायलसने दाबावा लागणारा. तो दाब टिपायला आत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीएससी२००५ ही चिप होती. या चिपच्या रिसेट पिनवरचे व्होल्टेज खाली आणले की चिप गप्प बसते. वर नेले की कामाला लागते.

यालाच ‘अॅक्टिव्ह लो’ म्हणतात. ऐकायला उफराटे वाटते, पण त्याला कारण आहे. वीज नुकतीच आलेली असते आणि व्होल्टेज अजून ठरलेले नसते, तेव्हा पिन खालीच असते, म्हणून घाईने सुरू होण्याऐवजी चिप थांबून राहते.

एन९०० लिनक्सवर चालतो. कोणती पिन कशाला जोडली आहे, ही माहिती पूर्वी लिनक्स कर्नलच्या सी भाषेतल्या कोडमध्येच असे, प्रत्येक बोर्डासाठी वेगळी फाइल. एआरएम चिपांचे बोर्ड वाढत गेले तसा हा पसाराही वाढला आणि २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी त्यावर जाहीर त्रागा केला. तोडगा जुनाच होता. सन कंपनीच्या संगणकांतून आलेल्या आणि १९९४ मध्ये आयट्रिपलईचे मानक झालेल्या ओपन फर्मवेअरमध्ये हार्डवेअरची वंशावळ मांडायची पद्धत होती: डिव्हाइस ट्री. पॉवरपीसीवर रुळलेली ही पद्धत एआरएमनेही उचलली.

तिच्यात पिनच्या क्रमांकापुढे एक आकडा येतो: ‘हाय’साठी ०, ‘लो’साठी १. बरेच जुने ड्रायव्हर, म्हणजे चिपा हाताळणारे कर्नलमधले कोड, या आकड्याकडे बघतच नसत, थेट व्होल्टेज वर-खाली करत. जानेवारी २०१४ च्या ३.१३ आवृत्तीत नवी व्यवस्था आली. ड्रायव्हरने फक्त ‘रिसेट कर’ म्हणायचे. त्यासाठी व्होल्टेज वर न्यायचे की खाली, हे कर्नल तो आकडा पाहून ठरवणार.

एन९०० च्या डिव्हाइस ट्री फाइलीत रिसेटच्या, म्हणजे चौथ्या गटातल्या ८ क्रमांकाच्या पिनपुढे ‘अॅक्टिव्ह हाय’ लिहिलेले होते. चूकच ती. पण टीएससी२००५ चा ड्रायव्हरही नव्या व्यवस्थेत जुन्याच सवयीने रिसेटसाठी ० लिहीत होता. दोन चुका एकमेकींना खोडत होत्या आणि पडदा नीट चालत होता.

ड्रायव्हर सुधारायला घेतला तेव्हा पंचाईत झाली. त्याने रिसेट सोडला की फाइलीतल्या ‘हाय’मुळे पिन खाली जाणार आणि चिप कायमची रिसेटमध्ये अडकणार. फाइल दुरुस्त करणे सोपे होते, पण लोकांच्या फोनमधल्या जुन्या फाइली नव्या कर्नलवरही चालल्या पाहिजेत, असा कर्नलचा दंडक.

म्हणून दुरुस्ती कर्नलमध्येच झाली. डिव्हाइस ट्रीतल्या पिना वाचणाऱ्या कोडमध्ये अशा चुकलेल्या नोंदींची एक यादी आहे. तिच्यात टीएससी२००५ चे नाव आहे आणि शेजारच्या टिपणीत एन९०० ची फाइल चुकली होती, असे सरळ लिहिले आहे. फाइलीत ‘हाय’ असो वा ‘लो’, कर्नल त्या चिपची रिसेट पिन ‘लो’च धरतो.