साक्ष आणि साक्षांकन : चाकणच्या कारखानदारीच्या संदर्भात

कागद खरा आहे असे कोणी म्हणावयाचे, हा प्रश्न मराठी मुलखास नवा नाही. वतनाचा तंटा उपस्थित झाला म्हणजे गोतसभा बसे, महजर लिहिला जाई व त्याखाली जमलेल्यांच्या साक्षी पडत. ज्यास अक्षर येत नसे तो आपली निशाणी करी. पाटलाच्या नावापुढे येणारा नांगर हे त्याचे परिचित उदाहरण होय. ‘महजर’ आणि ‘हजर’ हे दोन्ही शब्द एकाच अरबी धातूपासून आलेले आहेत. ‘साक्षी’ या शब्दाचा अर्थ पाणिनीने प्रत्यक्ष पाहणारा असाच दिला आहे. दोन भिन्न भाषाकुलांतील या शब्दांच्या मुळाशी कल्पना एकच आहे : साक्ष देणारा तेथे असला पाहिजे आणि त्याने माणसास ओळखले पाहिजे.

आधुनिक कंपनी-व्यवहारात ही कल्पना पालटली. नोटरी अधिनियम १४ फेब्रुवारी १९५६ रोजी आणि कंपनी अधिनियम त्याच वर्षी १ एप्रिल रोजी अंमलात आला. पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ मध्ये झाली होती. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये अस्तित्वात आले. या काळात संचालकाचे नाव, पत्ता व व्यवसाय निबंधकाकडे कळविणे पुरेसे असे. परंतु १९९० नंतरच्या दशकात लोकांकडून भांडवल गोळा करून कित्येक कंपन्या नाहीशा झाल्या आणि नोंदलेल्या पत्त्यांवर त्यांचे संचालक सापडेनात. त्यानंतर २००६ च्या दुरुस्तीने प्रत्येक संचालकास ओळख-क्रमांक घेणे भाग पडले व अर्जासोबत ओळखीच्या आणि पत्त्याच्या पुराव्यांच्या साक्षांकित प्रती आल्या. पुणे विभागाच्या कंपनी निबंधकांचे कार्यालयही पुढे याच पट्ट्यात, आकुर्डीस आले.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. साक्षांकन करणारा सनदी लेखापाल वा कंपनी सचिव ‘प्रत अस्सलाबरहुकूम आहे’ एवढेच सांगतो. जुन्या दफ्तरांतील तालीक म्हणजे नक्कल, तिच्याशी या कृतीचे नाते आहे, महजराशी नाही.

चाकणच्या बाबतीत हा भेद विशेष स्पष्ट होतो. २००९ मध्ये फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ या जर्मन कंपन्यांचे कारखाने तेथे सुरू झाले. अशा उद्योगांच्या मागोमाग सुटे भाग पुरविणारे परदेशी उद्योजकही येतात. २०१४ च्या नियमांनुसार नवी कंपनी स्थापन करणारा परदेशी नागरिक राष्ट्रकुलातील देशात राहत असल्यास तेथील नोटरीची सही पुरते. हेग येथील १९६१ च्या करारात सामील असलेल्या देशात नोटरीच्या सहीवर अपोस्टिल लागते. अन्य देशांत वकिलातीचे प्रमाणन लागते. भारताबाबत हा करार १४ जुलै २००५ रोजी अंमलात आला, परंतु जर्मनीने भारताच्या प्रवेशास आक्षेप घेतला. त्यामुळे या दोन देशांदरम्यान अपोस्टिल चालू झाले नाही व जर्मन कागदांस भारतीय वकिलातीचीच वाट राहिली. कोणत्याही वाटेने गेले तरी नोटरीच्या वरचा अधिकारी प्रमाणित करतो ती खालच्या अधिकाऱ्याची सही, त्याचा अधिकार व त्याची मोहोर. कागदावरील माणूस त्याने पाहिलेला नसतो.

म्हणजे साक्ष नाहीशी झाली काय? तसे म्हणता येणार नाही. गोतास खोटी साक्ष देणाऱ्याचे तोंड रोज दिसे. ही शक्यता संपल्यावर कायद्याने तिच्या जागी शिक्षा ठेवली. २०१३ च्या अधिनियमानुसार दाखल केलेल्या कागदांत जाणूनबुजून खोटे विधान करणारा कपटाच्या कलमाखाली येतो व त्यास दहा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. २०१८ मध्ये संचालकांच्या पडताळणीसाठी भ्रमणध्वनीवर येणारा ओटीपी आला. तोही माणसास हजर करण्याचाच एक प्रयत्न होय, मात्र त्याने हजेरी लागते ती यंत्राची.

‘साक्षांकन’ या शब्दात साक्ष व अंकन ही दोन्ही पदे आहेत. गेल्या साठ-सत्तर वर्षांत अंकनाचे तंत्र पुष्कळ सुधारले. साक्षीचे ओझे मात्र अद्याप सही करणाऱ्या एका माणसावरच आहे. म्हणून न पाहता केलेली सही ही केवळ कार्यालयीन ढिलाई मानता येत नाही.