वेल्सची गुरे, लंडनचे खाटीक

रेल्वे येण्यापूर्वी वेल्समधल्या ट्रेगॅरॉनहून लंडनच्या स्मिथफील्ड बाजारापर्यंत गुरे चालत नेली जात. डोंगरातल्या शेतकऱ्याकडे विकण्याजोगी जनावरे असायची दोन-चार. तेवढ्यासाठी तो लंडन कुठे गाठणार? गुरांचा व्यापारी गावोगाव फिरून ती गोळा करी आणि शेकड्यांचा कळप करून निघे. निघण्याआधी पत्री मारणे आलेच. आपल्या बैलांसारख्याच दुभंगलेल्या प्रत्येक खुराला दोन तुकडे, म्हणजे एका जनावरामागे आठ. असेच पायी नेल्या जाणाऱ्या गूज पक्ष्यांना आधी डांबरातून नि मग वाळूतून चालवत. तेच त्यांचे जोडे. पथकर चुकवायला कळप आडवाटेच्या माळरानावरून जाई.

शेतकऱ्याला पैसे बहुधा व्यापारी परतल्यावरच मिळत. सगळा व्यवहार शब्दावर. सरकारचा मात्र या भटक्या मंडळींवर काडीचा विश्वास नव्हता. 1563 च्या इंग्लिश कायद्याने परवाना सक्तीचा केला आणि तो कुणाला मिळावा, तर विवाहित, घरदार असलेल्या आणि तिशी गाठलेल्या माणसाला. जनावराची नोंद कुणीच मागत नव्हते; तपासणी होती ती माणसाची.

गावकरी मात्र त्याच माणसाच्या हाती लंडनला पोचवायचा खंड आणि कर सोपवत. परतीच्या वाटेवर लुटारूंची धास्ती असेच. अशा धंद्यात बँक उगवावी यात नवल नाही. लॅंडोव्हरीच्या डेव्हिड जोन्सने 1799 मध्ये बँक काढली आणि नोटेवर काळा बैल छापला. ‘काळ्या बैलाची बँक’ म्हणून ती ओळखली गेली आणि 1909 मध्ये लॉइड्स बँकेत विलीन झाली.

स्मिथफील्डचे दृश्य भीषण होते. भर वस्तीतल्या गल्ल्यांतून गुरे हाकली जात, आसपासच्या तळघरांत कापली जात. अखेर 1855 मध्ये जिवंत जनावरांचा बाजार इस्लिंग्टनला हलवला. तोवर रेल्वे पसरू लागली होती. चालून चालून जनावराचे मांस झडे, डब्यातून ते वजन राखून पोचे. हिशेब सोपा होता. पायी व्यापार काही दशकांत आटला.

वेग वाढला तसा रोगाचाही वाढला. 1865 मध्ये गुरांच्या रोगाची साथ बाहेरून ब्रिटनमध्ये शिरली आणि बाजारांमधून देशभर पसरली. मग बाजार बंद, वाहतुकीवर निर्बंध, जनावर हलवायला परवाना. पूर्वी माणसाला लागणारा कागद आता गुराला लागू लागला.

पुढचा मोठा टप्पा ‘मॅड काऊ’ या गुरांच्या रोगाचा. 1996 मध्ये प्रत्येक नव्या वासराला पासपोर्ट सक्तीचा झाला. मेंढ्यांकडे मात्र दुर्लक्ष झाले, आणि ते 2001 मध्ये फार महागात पडले. लाळ्या-खुरकूत पहिल्यांदा आढळली एसेक्सच्या कत्तलखान्यातल्या डुकरांत, पण तोवर बाजारातून हातोहात विकलेल्या मेंढ्यांनी ती दूरवर नेली होती. कोणती मेंढी कुठून कुठे गेली, हे शोधताना अधिकाऱ्यांची दमछाक झाली. साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली.

2010 पासून मेंढ्यांच्या कानात इलेक्ट्रॉनिक बिल्ले आले. कागदाचा भार मोठ्या कंपनीला जाणवत नाही, तिथे कारकून असतो. छोट्या शेतकऱ्याला मात्र तीन मेंढ्या कत्तलखान्यात न्यायच्या तरी शेताचा क्रमांक, वाहन, निघाल्याची नोंद असे सगळे भरावे लागते. शिवाय लहान कत्तलखाने एकामागून एक बंद झाल्याने स्वतःच्या मेंढीचे मांस स्वतः विकू पाहणाऱ्याचा प्रवासही लांबला आहे.