फ्लाय फिशिंग, खळाळातले

उथळ, वेगवान, दगडगोट्यांच्या पाण्यात कृत्रिम माशीने ट्राउट मासा धरण्याची पद्धत. ‘माशी’ म्हणजे गळावर पिसे, लोकर, धागा गुंडाळून केलेली किड्याची नक्कल. तिला वजन जवळपास नसतेच. साध्या गळात शिसे दोरीला ओढून नेते. इथे जाड, वजनदार दोरीच फेकायची आणि तिच्या मागून माशी जाते. मॅसिडोनियात लाल लोकर व पिसे बांधून मासे धरतात, हे इलियन या रोमन लेखकाने इ.स. 200च्या सुमारास नोंदवले आहे.

उथळ पाण्याला खळखळाट फार, हे माणसांच्या बाबतीत खरे असेल. नवखा गळवाला मात्र त्याच समजुतीने खळाळ ओलांडून डोहाकडे जातो आणि फसतो. दगडांवर फुटणाऱ्या गुडघाभर पाण्यात प्राणवायू भरपूर असतो, खाणेही. तळाचा एखादा दगड उलटून पाहावा : तीन शेपट्यांचे मेफ्लायचे पिल्लू, दोन शेपट्यांचे स्टोनफ्लायचे, आणि वाळूचे कण चिकटवून केलेल्या नळीत दडलेली कॅडिसची अळी. ट्राउट धारेच्या मध्यावर ताकद घालवत नाही. दगडाच्या आडोशाच्या संथ पाण्यात, वरच्या अंगाला तोंड करून थांबतो आणि शेजारून वाहत येणारे टिपतो.

म्हणून त्याच्या मागून, खालच्या अंगाने जायचे. स्कॉटलंडच्या डब्ल्यू. सी. स्टुअर्टने ‘द प्रॅक्टिकल अँगलर’ (1857) मध्ये हाच आग्रह धरला. फुटलेल्या पाण्यातून माशाला वरचे नीट दिसत नाही, त्यामुळे बरेच जवळ जाता येते. माशी पारखायलाही त्याला वेळ नसतो.

खरी अडचण ओढीची. दोरी एकाच वेळी तीन-चार वेगांच्या धारांवर पडते, मधली धार तिला पोट पाडते आणि माशी पाण्यापेक्षा जोरात पळू लागते. असे पळणारे खाद्य ट्राउट सहसा घेत नाही. उपाय म्हणजे दोरी आखूड सोडणे, काठी उंच धरणे, होईल तितकी दोरी पाण्याला टेकूच न देणे. पोलिश आणि चेक स्पर्धकांनी यातूनच वजनदार माशी तळालगत वाहू देण्याची रीत नावारूपाला आणली. दोरी क्षणभर अडखळली की झटका द्यायचा. बहुतेक वेळा दगडच निघतो.

भारतात हा खेळ इंग्रजांमागोमाग आला. 1900च्या सुमारास स्कॉटलंडहून काश्मीरला ब्राउन ट्राउट आणला गेला. पहलगामला मराठी पर्यटक जिच्या काठी फोटो काढतात ती लिडर त्याची नामांकित नदी. तिथला मूळचा ‘स्नो ट्राउट’ नावापुरताच ट्राउट, कूळ रोहू-कटल्याचे. सह्याद्रीतल्या नद्यांचे पाणी उन्हाळ्यात फार तापते, तिथे ट्राउट टिकत नाही. काश्मिरात परवाना नदीच्या ठरावीक टप्प्यापुरता मिळतो. त्या टप्प्याला ‘बीट’ म्हणतात.