बचत गट (हिंगोली जिल्हा)
दहा ते वीस स्त्रियांनी ठरावीक रक्कम दरमहा एकत्र साठवून, गरजेनुसार आपापसांत कर्ज देण्याची व्यवस्था. परभणीतून 1 मे 1999 रोजी वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात तिचे महत्त्व पीकचक्रामुळे वाढते. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या सुमारास येतो. जूनच्या आसपास लावलेली हळद उन्हाळ्याच्या तोंडावर निघते, आणि शिजवून, वाळवून, पॉलिश करून वसमत-हिंगोलीच्या बाजारात नेईपर्यंत हाती काही पडत नाही. किराणा, दवाखाना, शाळेची फी मात्र बारमाही.

राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेने (नाबार्ड) 1992 मध्ये गट बँकांशी जोडायला सुरुवात केली. पुढे महिला आर्थिक विकास महामंडळाने (माविम) आणि 2011 पासून राज्याच्या ‘उमेद’ ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने त्यांना बळ दिले. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि चोख हिशेब ही गटाची पंचसूत्री. यांत हिशेब सर्वांत मोलाचा मानावा लागेल. बैठकीत पैसे सर्वांसमोर मोजले जातात, नोंद वहीत आणि सदस्येच्या पासबुकात होते, कर्ज कोणाला व कशासाठी हे गट ठरवतो. बियाण्यासाठी सावकाराचे दार टाळता येते, आणि व्याज गटातच राहते. शेळी, शिलाई यंत्र, हळद-मिरची कांडप असे जोडधंदे यातूनच उभे राहतात. गटाचे कर्ज फेडण्यासाठी खासगी वित्तसंस्थेचे आठवडी हप्त्याचे कर्ज उचलले, तर मात्र घर पुन्हा कर्जाच्या फेऱ्यात अडकते.