रोलँड टीबी-३०३ आणि चरणजित सिंग : एका वाद्ययंत्राचे ऐतिहासिक परीक्षण

प्रस्तावना :

महाराष्ट्राच्या संगीतास परकीय वाद्य नवे नाही. युरोपातून आलेली पेटी मराठी रंगभूमीने आपलीशी केली आणि गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांनी तिला स्वतंत्र प्रतिष्ठा मिळवून दिली. असे असूनही, पेटीतून मींड व श्रुती निघत नाहीत असा आक्षेप घेतला गेला आणि आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके तिला मज्जाव केला. यंत्राचे स्वर आणि राग यांच्या संबंधाचा हाच प्रश्न १९८२ मध्ये मुंबईत नव्या रूपात उभा राहिला. त्या वर्षी चरणजित सिंग यांनी ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका तीन जपानी यंत्रांच्या साहाय्याने तयार केली. टीआर-८०८ हे तालयंत्र, ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर आणि टीबी-३०३ हे बेसयंत्र ही ती तीन यंत्रे होत. प्रस्तुत निबंधात टीबी-३०३ या यंत्राचे गुणदोष तपासून त्याच्या इतिहासात वादकाचे स्थान कोणते, याचा विचार केला आहे.

यंत्राची रचना व हेतू :

रोलँड कंपनीचे अभियंते तादाओ किकुमोतो यांनी आखलेले टीबी-३०३ हे यंत्र १९८१ मध्ये बाजारात आले. मेजावर सहज मावणारे हे छोटे यंत्र बॅटरीवरही चालत असे. साथीला बेसवादक नसेल तेव्हा गिटारवादकाला सराव करता यावा, हा त्यामागील उद्देश होता. म्हणजेच बेसवादकाची जागा घेण्यासाठीच त्याचा जन्म झाला होता.

त्यात एकच स्वरनिर्माता असून एका वेळी एकच स्वर वाजतो. ध्वनीसाठी करवतीच्या दात्यांसारखी आणि चौकोनी अशा दोन तरंगाकृतींतून निवड करता येते. हा ध्वनी पुढे फिल्टरमधून, म्हणजे ध्वनीच्या गाळणीतून जातो. गाळणीची मर्यादा व तिचा अनुनाद बदलणारी बटणे फिरवली की स्वर तोच राहून त्याचा रंग पालटतो. जास्तीत जास्त सोळा पायऱ्यांची स्वरावली स्मृतीत साठवता येते. प्रत्येक स्वराला आघात किंवा पुढील स्वराकडे घसरण जोडता येते.

गुणदोष :

रागसंगीताच्या दृष्टीने पाहता या यंत्राच्या मर्यादा उघड आहेत. सप्तकाचे बारा समान भाग हीच त्याची स्वरव्यवस्था असल्याने तोडीतील अतिकोमल गंधारासारखे सूक्ष्म स्वरस्थान त्यात साधत नाही. घसरणीचा काल ठरलेला असल्याने ती मींडेसारखी भासली तरी मींडेप्रमाणे लांबवता वा वळवता येत नाही. सोळा पायऱ्यांमुळे त्रितालाच्या सोळा मात्रांची आठवण होते. परंतु त्या पायऱ्या चार ठोक्यांच्या एका आवर्तनाचे सूक्ष्म भाग असतात आणि त्यांत टाळी-खालीची कल्पना नसते. स्वर व कालमान वेगवेगळे नोंदवावे लागत असल्याने स्वरावली भरण्याचे कामही क्लिष्ट आहे.

सिंग यांनी या मर्यादा ओळखूनच यंत्राची योजना केलेली दिसते. रागाचे चलन त्यांनी ज्युपिटर-८ वर वाजवले, कारण त्यात स्वरांतील सरक वादकाला कमीजास्त करता येते. टीबी-३०३ कडे आधारस्वराभोवती अखंड फिरणाऱ्या स्वरावलीचे काम आले. ललत, भूपाळी, यमन वा मालकंस या रागांच्या खाली ती वाजत राहते तेव्हा तानपुऱ्याची जागा एका चालत्या, स्पंदनशील आधाराने घेतल्याचा प्रत्यय येतो. तबला मात्र पूर्णतः वगळलेला आहे.

मुंबईच्या स्टुडिओंची पार्श्वभूमी :

हा प्रयोग आकस्मिक नव्हता. ‘नागिन’ (१९५४) या चित्रपटात कल्याणजींनी क्लॅव्हियोलिन या विद्युत्-वाद्यावर पुंगीचा आवाज काढला होता. ‘कुर्बानी’ (१९८०) नंतर डिस्को तालाची लाट आली होती. सिंग हे याच स्टुडिओंतील अनुभवी वादक. बेस गिटार हे त्यांच्या प्रमुख वाद्यांपैकी एक. ज्या यंत्राने त्यांची जागा घ्यावयाची, तेच त्यांनी हाती घेतले. ज्या व्यवसायात साथीच्या वादकांची नावे बहुधा पडद्यामागेच राहत, तेथे त्यांनी या यंत्रांच्या बळावर स्वतःच्या नावाची ध्वनिमुद्रिका केली. तिला त्या काळी व्यावसायिक यश लाभले नाही.

नाण्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पुढील काळात सिंथेसायझर व संगणकीय ध्वनिमुद्रणाने मुंबईच्या स्टुडिओंतील मोठे वाद्यवृंद ओस पाडले. ग्रेगरी बूथ यांच्या ‘बिहाइंड द कर्टन’ (२००८) या ग्रंथात या वादकांच्या आठवणींतून तो इतिहास नोंदवलेला आहे.

शिकागो आणि उत्तरकालीन कीर्ती :

टीबी-३०३ बाजारात अपयशी ठरले व १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. जुन्या बाजारात स्वस्तात मिळणारे हे यंत्र शिकागोतील ‘फ्यूचर’ या गटाच्या हाती लागले. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘अॅसिड ट्रॅक्स’पासून ‘अॅसिड हाउस’ ही शैली रूढ झाली. पुढे २०१० मध्ये सिंग यांची ध्वनिमुद्रिका नेदरलँड्समधून पुनर्प्रकाशित झाली, तेव्हा पाश्चात्त्य समीक्षकांनी त्यांना या शैलीचे आद्य जनक ठरविले. अखेरच्या वर्षांत त्यांचे युरोपात कार्यक्रम झाले. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

निष्कर्ष :

‘आद्य जनक’ ही पदवी गौरवास्पद असली तरी इतिहासदृष्ट्या अपुरी आहे. सिंग यांच्या प्रयोगातून शिकागोची शैली उगम पावल्याचा पुरावा नाही. दोन्ही ठिकाणी यंत्राचा मूळ हेतू वादकांनी बदलला, एवढेच साम्य. सिंग यांचे मूल्यमापन शिकागोच्या पाच वर्षे आधी, या कालगणनेने न करता मुंबईच्या वादकपरंपरेच्या संदर्भात व्हावयास हवे. टीबी-३०३ हे बेसवादक म्हणून सदोष आणि वाद्य म्हणून समर्थ यंत्र होय. हे सामर्थ्य निर्मात्याने घडविले असले तरी ते प्रकट झाले वादकाच्या हातून. पेटीच्या बाबतीत महाराष्ट्राने हे पूर्वीच अनुभवले आहे. यंत्रांची नोंद सन-क्रमांकांसह जतन होते. तीच दक्षता स्टुडिओतील वादकांच्या नोंदींबाबत घेणे, हे संगीताच्या इतिहासकारांचे कर्तव्य ठरते.