किन्त्सुगी

१. किन्त्सुगी : शब्दशः ‘सोन्याचा सांधा’. मूळ मजकुरात ‘सोने ओतून’ असे म्हटले आहे, ते वस्तुस्थितीस धरून नाही. फुटलेल्या पात्राचे तुकडे जोडते ती ‘उरुशी’, म्हणजे एका वृक्षाचा चीक (आपली लाख कीटकजन्य, म्हणून तो शब्द येथे योजिलेला नाही), जो गव्हाच्या पिठात मळून कडांना लावतात, आणि सुवर्णचूर्ण अगदी अखेरीस, सांध्यावरच्या ओल्या पातळ थरावर, केवळ भुरभुरले जाते. हा चीक उन्हाने वाळत नसून दमट पेटीतील आर्द्रतेच्या योगाने घट्ट होत असल्यामुळे, नवशिक्या उमेदवारास पहिला धडा मिळतो तो हस्तकौशल्याचा नव्हे, तर आठवडेच्या आठवडे मुदत देण्याचा. दुसरा धडा अंगावर उठतो : हे झाड आपल्या बिब्ब्याच्याच कुळातले, आणि बिब्बा उतला म्हणजे काय होते, हे मराठी वाचकास सांगणे नको. पंधराव्या शतकात शोगुन आशिकागा योशिमासा याने तडकलेला चहाचा पेला चीनला धाडला व तो लोखंडी टाके मारून परत आला, ही कथा या कलेच्या उगमाशी जोडतात खरी. पण तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयातील त्या ‘बाकोहान’ पेल्यावर आजही टाकेच आहेत, सोने नाही. — संपा.