प्रतिकृती आणि पाठ : अजिंठ्यापासून तोरणमाळपर्यंत

खानदेशाची दक्षिण सीमा अजिंठ्याच्या डोंगररांगेने आणि उत्तर सीमा सातपुड्याने आखली आहे. सातपुड्यातील तोरणमाळच्या पठारावर शिकणाऱ्या मुलास अजिंठा एकाच प्रदेशाच्या दुसऱ्या टोकास असूनही दुर्लभच. २०११ साली गूगलने जगातील निवडक संग्रहालयांची दालने संगणकाच्या पडद्यावर खुली केली. तेव्हापासून अशा दुर्गम शाळांसाठी आभासी कलादर्शनाचा पुरस्कार होत आला आहे. कल्पना मात्र नवी नव्हे. दूरच्या प्रेक्षकापुढे कलाकृती ‘हजर’ करण्याचा खटाटोप अजिंठ्याबाबत १८४४ सालीच सुरू झाला होता.

त्या वर्षी मद्रास सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल याची भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी नेमणूक झाली. त्याची मोठी तैलचित्रे लंडननजीकच्या सिडनहॅम येथील स्फटिकप्रासादात मांडली गेली आणि १८६६ च्या डिसेंबरातील आगीत बहुतेक नष्ट झाली. गिलने छायाचित्रेही घेतली होती. त्यांपैकी काही जोडचित्रे दोन भिंगांच्या यंत्रातून पाहिली असता लेण्याची खोली डोळ्यांस भासे. आजच्या आभासी दर्शनाचे ते पूर्वरूपच म्हणावे लागेल.

यापुढील प्रयत्न शिक्षणाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा. मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स याने १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांकरवी अजिंठ्याच्या नकला करविल्या; पेस्तनजी बोमनजी हे त्यांतील एक. या नकलांपैकीही पुष्कळ १८८५ साली लंडनमध्येच जळाल्या. तथापि हानी केवळ नकलांची झाली नाही. चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून मूळ भिंतींवर रोगण चढविण्यात आले, आणि ते पुढे काळवंडले. नकलेची किंमत मूळ चित्राने मोजली, हे नकलांची स्तुती करताना सहसा सांगितले जात नाही.

मग लाभ कोणाला झाला? १८९६-९७ मध्ये ग्रिफिथ्सचे दोन खंड प्रसिद्ध झाले आणि यूरोपीय वाचकास अजिंठा घरबसल्या दिसला. परंतु खरा पाठ मिळाला तो भिंतीसमोर बसून रेषेमागून रेषा उतरविणाऱ्या विद्यार्थ्यांना. प्रेक्षकाने चित्र पाहिले. नकलकाराला रंग कोठे उडाला, बोटांची ठेवण कशी, कोणती आकृती पुसट झाली, हे सारे ठरवावे लागले.

तोरणमाळच्या वर्गात पडदा आणताना हा भेद विसरता कामा नये. पडद्यावरील निवड अन्यत्र झालेली असते. तीत गोरखनाथाच्या मंदिराजवळ महाशिवरात्रीस भरणारी यात्रा किंवा होळीआधीचा भोंगऱ्या बाजार येईलच असे नाही. भिल्ल आणि पावरा मुलांना त्यांची माहिती कोणी द्यावी लागत नाही; त्यांची नोंद मात्र या मुलांनाच करता येईल. अजिंठा पडद्यावर पाहून झाल्यावर त्यातील एखादी आकृती वहीत उतरविणे, आणि त्याच वहीत यात्रेतील वाद्ये, दागिने व वस्त्रे त्यांच्या पावरी वा भिली नावांसह रेखाटणे, एवढ्यासाठी फारसा खर्च लागत नाही. शिक्षकाला ती नावे मुलांकडून शिकावी लागतील, एवढेच.